बस स्वस्त आहे. पण घ्यावी का?



आपल्या शाळेची स्वतःची बस असावी, हा विषय गेली काही वर्षे प्रत्येक पालक सभेत निघतो आणि चहापाण्याबरोबर संपतो. या वेळी मात्र तो खरोखरच टेबलावर आला आहे. एक जुनी मिनीबस शाळेला देऊ केली गेली आहे. २०१३ सालची, डिझेलवर चालणारी, २६ आसनांची. मालकाने किंमत सांगितली आहे ३ लाख २५ हजार रुपये. अशीच, पण नीट चालणारी जुनी बस घ्यायची तर साडेपाच लाखांच्या आसपास पडते, असे दोन-तीन ठिकाणी चौकशी केल्यावर कळले. मग हीच एवढी स्वस्त का? मालक स्वतःच सांगतो, "इंजिनची थोडी तक्रार आहे."

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत याचा निर्णय व्हायचा आहे. त्याआधी माझे मत सर्वांसमोर मांडावे, असे वाटले. कारण या बसमध्ये बसणार आहेत ती आपली मुले, आणि तिचे पैसे जाणार आहेत ते आपल्या सर्वांच्या वर्गणीतून.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बसची गरज खरी आहे. आपली मुले लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना, पांडेसरा अशा भागांतून येतात. वडील पहाटेच्या पाळीला लूम्सवर किंवा मार्केटात गेलेले असतात, आईलाही कामावर जायचे असते. मग मुले वर्धीच्या रिक्षात बसतात. दप्तरे बाहेर लटकलेली, दोन मुले चालकाच्या दोन्ही बाजूंना, एखाद्याचा पाय बाहेर. हे चित्र आपण रोज फाटकात पाहतो. शिवाय आठवी-नववीत आल्यावर काही मुलींचे दाखले मागायला पालक येतात. अभ्यासात कमी म्हणून नव्हे, "एवढ्या लांब रोज सोडणार कोण?" म्हणून. ज्या दिवशी असा दाखला मी सही करून देतो, त्या दिवशी बस ही चैनीची वस्तू आहे असे मला कोणी सांगू नये.

जुनी वस्तू घेण्यातही कमीपणा नाही. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने या शहरात आली. कोणी जुने शिलाई मशीन घेतले, कोणी जुना टेम्पो घेऊन कापड मार्केटमध्ये माल वाहिला, आणि त्याच्या जोरावर घरे उभी केली. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत म्हण आहे, 'महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार'. ती ऐकायला छान आहे. पण ज्याच्याकडे महाग घ्यायला पैसेच नाहीत, त्याला ती काय उपयोगाची? म्हणून बस जुनी आहे एवढ्यावरून मी नाही म्हणणार नाही. मला पाहायचे आहे ते एवढेच, की आपण नक्की काय विकत घेत आहोत.

सुरतकरांना हा प्रश्न नवा नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडले गेले आणि तापी शहरात शिरली. घरे, दुकाने, यंत्रे यांच्याबरोबर हजारो वाहने पाण्यात उभी होती. त्याच्या आदल्या वर्षी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तिथेही तेच झाले. अशा प्रसंगी दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी ती गाडी 'टोटल लॉस' धरते. पण टोटल लॉस झालेली प्रत्येक गाडी कापली जात नाही. काही गाड्या लिलावात विकल्या जातात, धुऊन-पुसून, रंग देऊन पुन्हा बाजारात येतात, आणि बहुधा दुसऱ्या गावात विकल्या जातात. घेणाऱ्याला एवढेच कळते, की गाडी स्वस्त आहे. आपली बस २०१३ ची, म्हणजे ती २००६ च्या पुरातली असू शकत नाही हे खरे. पण लिंबायतची मीठी खाडी आणि पर्वत पाटियाचा परिसर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. जून २०२५ मध्येही खाडीचे पाणी वस्त्यांत शिरले होते. तेव्हा ही बस कधी पाण्यात उभी होती का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पाण्याने इंजिनचे काय होते, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा हवा दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. पाणी आत शिरलेले असताना कोणी इंजिन सुरू केले, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड थोडाच वाकला तर गाडी चालतेही. आवाज करते, धूर सोडते, ताकद कमी देते. मालक म्हणतो, थोडी तक्रार आहे. आणि मग एक दिवस तो रॉड तुटून ब्लॉकच फोडतो. म्हणूनच पाण्यात बुडालेली गाडी चावी न फिरवता ओढून न्यावी, असे जाणकार सांगतात. साध्या विमा पॉलिसीत असे इंजिनचे नुकसान बहुधा धरले जात नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, हेही गाडी असलेल्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

तक्रार एक, कारणे दहा. इंजिनची तक्रार म्हणजे तापासारखी गोष्ट आहे. ताप साध्या सर्दीचा असतो आणि टायफॉइडचाही असतो. धूर काळा असेल तर कदाचित एअर फिल्टर तुंबला असेल किंवा इंजेक्टर बिघडला असेल, खर्च आवाक्यातला. धूर निळसर असेल तर ऑईल जळते आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हकडे झीज झाली आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी सारखे कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. डिपस्टिकवरचे ऑईल दुधाळ दिसले, तर पाणी ऑईलमध्ये मिसळते आहे. चालू इंजिनचे ऑईलचे झाकण काढल्यावर आतून जोराने धूर फेकला जात असेल, तर मेकॅनिक मंडळी 'बॅक कॉम्प्रेशन' आहे म्हणतात, आणि मग काम मोठे असते. काही दलाल जाड ऑईल भरून आवाज आणि धूर दोन-चार दिवस दाबून ठेवतात. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो तो बहुधा याचसाठी. म्हणून बॉनेटला हात लावून, इंजिन थंड आहे याची खात्री करून, मगच ते सुरू करायला सांगावे.

आता हिशेब मांडू. समजा तक्रार किरकोळ निघाली आणि २५ हजारांत मिटली. बस ३ लाख ५० हजारांत पडली. फारच उत्तम. पण समजा फुल इंजिन काढावे लागले आणि दीड लाख गेले. मग झाले ४ लाख ७५ हजार. त्यात सहा टायर, बॅटरी, ब्रेकचे काम मिळून आणखी ९० हजार धरा. बेरीज होते ५ लाख ६५ हजार, म्हणजे साडेपाच लाखांच्या धडधाकट बसपेक्षा जास्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच. शिवाय बस महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली, तर त्या महिन्यात मुले कशाने येणार? एकदा सोडलेली रिक्षातली जागा आपल्यासाठी रिकामी राहत नाही. चालक ती दुसऱ्या शाळेच्या मुलाला देतो. हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही, पण तो मुलांना भरावा लागतो.

याचा अर्थ असा, की ३ लाख २५ हजार ही बसची किंमत नाहीच. ती फक्त पहिला हप्ता आहे. खरी किंमत इंजिनच्या आत आहे, आणि इंजिन उघडल्याशिवाय ती कोणालाच, अगदी मालकालाही, ठाऊक नाही. दोष माहीत असलेली जुनी गाडी घेणे हा व्यवहार आहे. दोष माहीत नसलेली घेणे हा जुगार आहे. घरच्या माणसाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मोटारसायकलवर असा जुगार खेळला तर तो त्याचा प्रश्न. शाळेला तो हक्क नाही.

माझी खरी काळजी मात्र पैशांच्या पुढची आहे. विकणाऱ्याने 'इंजिन, इंजिन' म्हटले की आपण सगळे इंजिनच पाहत बसतो. पण इंजिन बिघडलेली गाडी बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला उभी राहते. ब्रेक किंवा स्टेअरिंग बिघडलेली गाडी उभी राहत नाही. ज्या मालकाला इंजिनचे काम परवडले नाही, त्याने ब्रेकचे लायनर, टायर, वायरिंग यांवर वेळेवर खर्च केला असेल का? आजारी इंजिन हे त्या गाडीची देखभाल कशी झाली याचा साक्षीदार असते. त्याची साक्ष ऐकून बाकीची गाडी तपासली पाहिजे. आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून तुटलेल्याही नाहीत. अशा बसच्या ब्रेकला लागणारी हवा किंवा व्हॅक्यूम इंजिनच्या जोरावरच तयार होते, पॉवर स्टेअरिंगही त्यावरच चालते. सुरत उड्डाणपुलांचे शहर आहे. भरलेली बस पुलाच्या चढावर बंद पडली, तर चालकाच्या पायाखालचा ब्रेक आणि हातातले चाक दोन्ही जड होत जातात. आत पंचवीस मुले असतील, तर तो क्षण कसा असेल याचा विचार करावा.

शाळेच्या वाहनांचे नियम उगाच झालेले नाहीत. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वझीराबाद पुलावरून मुलांनी खचाखच भरलेली शाळेची बस यमुनेत कोसळली आणि पंचवीसहून अधिक मुले गेली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या बससाठी वेगमर्यादा, अनुभवी चालक अशा अटी घातल्या. आपल्या गुजरातमध्ये १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. बोट शाळेची नव्हती, पण मुले शाळेबरोबर गेली होती. शाळेने मुलांना एखाद्या वाहनात बसवले, की ते वाहन पाहून घेण्याची जबाबदारी शाळेची होते. पालक आपल्याला त्या वाहनाविषयी विचारत नाहीत. ते आपल्यावर विश्वास टाकतात.

काही सज्जन म्हणतील, "सर, आज मुले रिक्षात लोंबकळत येतात. त्यापेक्षा ही बस वाईट आहे का?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. आजची रिक्षा सुरक्षित आहे असे मी म्हणत नाही. पण रिक्षात आठ मुले असतात, बसमध्ये पंचवीस. शिवाय पालक रिक्षाकडे संशयाने पाहतात, चालकाला हटकतात. शाळेचे नाव लिहिलेल्या पिवळ्या बसकडे कोणी संशयाने पाहणार नाही. ते नाव पाहून ज्या आईने आजवर मुलीला एकटे पाठवले नाही, तीही पाठवील. त्या नावाखाली न तपासलेली गाडी चालवता येणार नाही.

दुसरे काही जण म्हणतील, "मालक आपल्याच समाजाचा आहे, त्याला कसे नाही म्हणायचे?" मालकाविषयी माझ्या मनात आदरच आहे. तक्रार असल्याचे त्याने लपवले नाही. पण भीड ही भिकेची बहीण. ओळखीच्या माणसाशी व्यवहार करताना तर सगळे कागदावर आणावे, म्हणजे व्यवहारही टिकतो आणि ओळखही टिकते.

कागदांविषयी चार शब्द, कारण ते घरोघरी उपयोगी पडतील. आर. सी. बुकावरचे नाव, इंजिन आणि चेसिसचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहावेत. कर्जाची नोंद, थकलेला कर, न भरलेले ई-चलान, विमा आणि पासिंगची मुदत तपासावी. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी पासिंग लागते. आपली बस २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होईल. १३ ऑगस्ट २०२१ रोजी गांधीनगरच्या गुंतवणूकदार परिषदेत पंतप्रधानांनी जुन्या वाहनांचे जे धोरण जाहीर केले, त्यानुसार पंधरा वर्षे झाली म्हणून अशी गाडी आपोआप भंगारात जात नाही. पण तपासणीत ती नापास झाली तर रस्त्यावर येऊ शकत नाही, आणि पंधरा वर्षांनंतर पासिंगची फीही बरीच वाढते. आज इंजिनवर दीड लाख घालताना हे वर्ष डोळ्यांपुढे हवे.

नंदुरबार-जळगावकडून महाराष्ट्र पासिंगची गाडी आणणाऱ्या पालकांनी तिथल्या आर. टी. ओ. ची एन. ओ. सी. आधी घ्यावी. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची असेल, तर इथला नंबर घ्यावा लागतो. आणि जे गाडी विकतात त्यांनी नाव बदलल्याची खात्री करून घ्यावी. गाडी विकली तरी नोंदणी आपल्या नावावर राहिली, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता माझे मत. ही बस नाकारावी असे मी म्हणत नाही, आणि डोळे मिटून घ्यावी असेही नाही. विश्वस्त मंडळापुढे मी या अटी ठेवीन.

पहिली, थंड इंजिन आपल्या मेकॅनिकसमोर सुरू व्हावे. मेकॅनिक मालकाचा नको, दलालाचा नको. त्याची फी शाळेने द्यावी.

दुसरी, कॉम्प्रेशन तपासावे, गरज पडल्यास हेड खोलावे, आणि दुरुस्तीचा खर्च लेखी घ्यावा. खोलू द्यायला मालक तयार नसेल तर आपण आदराने मागे फिरावे.

तिसरी, बस खाली झोपून पाहावी. ब्रेक, स्टेअरिंग, टायर, चेसिसचा गंज, वायरिंग. आसनांचे बोल्ट आणि डॅशबोर्डची मागची बाजू पाहावी; गाळ किंवा जुना गंज असेल तर बस पाण्यात होती असे समजावे.

चौथी, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा व्हावा. आज फक्त बयाणा द्यावा. बाकी रक्कम बस दुरुस्त होऊन, पासिंग होऊन, शाळेच्या नावावर झाल्यावरच द्यावी.

पाचवी, पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बँकेत बाजूला ठेवल्याशिवाय व्यवहार करू नये. बस घ्यायला देणगी मिळते. क्लच प्लेट बदलायला कोणी देणगी देत नाही.

या अटी पूर्ण होत नसतील, तर बस सोडून द्यावी, पण विषय सोडू नये. सर्वांत लांबच्या दोन मार्गांसाठी, कागदपत्रे पूर्ण असलेली बस जूनपासून महिन्याच्या भाड्याने घ्यावी आणि मोठ्या वर्गांतल्या मुलींना त्यात आधी जागा द्यावी. ती कोणाच्या मालकीची आहे याला माझ्या लेखी महत्त्व नाही. त्या मुलींचे दाखले शाळेतच राहिले पाहिजेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी, जुना फोन, जुने मशीन घेण्याची चर्चा निघाली, तर शास्त्राच्या पुस्तकात शिकलेले तिथे वापरा. दोष कुठला आहे, तो कशाने झाला, दुरुस्तीला किती लागेल, हे तीन प्रश्न विचारा. मोठ्यांनी रागावू नये, उत्तर द्यावे.

आणि पालकहो, एक विनंती. आपल्यात कितीतरी जण मेकॅनिक आहेत, टेम्पोचालक आहेत, टायरचे, बॅटरीचे, वेल्डिंगचे काम करतात. या विषयातले ज्ञान मुख्याध्यापकापेक्षा तुम्हाला अधिक आहे. ही मिनीबस येत्या रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात आणण्याची विनंती मी मालकाला केली आहे. हात काळे करायची तयारी ठेवून या, बस पाहा, आणि जे दिसेल ते वहीत लिहून सही करा. विश्वस्तांच्या बैठकीत ती वही मी सर्वांत आधी ठेवीन.

आपला,
मुख्याध्यापक